युरोपच्या राज्यघटनांची बॅच: तास भक्कम, नोट्स कच्च्या

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील एका स्पर्धा परीक्षा वर्गाने यूपीएससीच्या इतिहास या वैकल्पिक विषयासाठी एकोणिसाव्या शतकातील युरोपची शनिवार-रविवारची बॅच चालवली, तिच्याविषयी हा अभिप्राय. पुणे न गाठता हा घटक मराठीतून शिकता येतो, ही पहिली जमेची बाजू.

उदारमतवादाची व्याख्या सांगण्याआधी सर विचारतात, मत कोणाला होते? १८३० च्या जुलै क्रांतीनंतर फ्रान्समध्ये मतदार होण्यासाठी वर्षाला भराव्या लागणाऱ्या किमान कराची अट ३०० फ्रँकवरून २०० फ्रँकवर आली. १८३२ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये मतदार जेमतेम उरलेले ५६ मतदारसंघ रद्द झाले, पण कामगार बाहेरच राहिला आणि म्हणून १८३८ मध्ये चार्टिस्टांची, म्हणजे कामगारांच्या मताधिकारासाठी लढणाऱ्या चळवळीची, सहा कलमी सनद आली, हा धागा ते असा जुळवतात की सनावळी घोकावी लागत नाही.

सर्वांत रंगला तो प्रशिया या जर्मन राज्याच्या त्रिवर्गीय मतदानाचा तास. फळ्यावर त्यांनी एका गावाचा एकूण कर तीन समान भागांत मांडला: पहिला भाग एकटा गुळाचा बडा अडत्या भरतो, दुसरा दहा-बारा दुकानदार, तिसरा उरलेले सगळे गाव, आणि तिन्ही वर्ग सारख्याच संख्येने निर्वाचक (पुढे प्रतिनिधी निवडणारे) निवडतात. त्यातही मतदान उघड. ही पद्धत १९१८ पर्यंत टिकली, हे ऐकून वर्गात चुळबुळ झाली.

छापील नोट्स मात्र या दर्जाच्या नाहीत. त्यांतील तक्त्यात उदारमतवाद्यांसमोर ‘मताधिकाराचा विस्तार’ आणि पुराणमतवाद्यांसमोर ‘विरोध’ असे सरसकट छापले आहे. वास्तविक मताधिकार वाढवण्यास ठाम नकार देणारा फ्रान्सचा मंत्री गिझो उदारमतवादी होता, तर १८६७ मध्ये उत्तर जर्मन संघात सर्व प्रौढ पुरुषांना मत देणारा प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क आणि त्याच वर्षी ब्रिटनमध्ये शहरी कामगारांपर्यंत मताधिकार नेणारा डिझरायली हे दोघेही पुराणमतवादी. परीक्षेत प्रश्न नेमका अशाच ठिकाणी अडकतो. समाजवादही दीड पानात उरकला आहे.

इटलीचा भाग ठीक झाला. ४ मार्च १८४८ ची पीडमाँट या इटालियन राज्याची सनद १८६१ मध्ये संयुक्त इटलीची राज्यघटना कशी झाली, हे नीट समजले. पण करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये, फ्लॉरेन्स इटलीची राजधानी असतानाच, त्या शहरात निवर्तले आणि तिथे त्यांचे स्मारक आहे, याचा कोल्हापुरातल्या वर्गात उल्लेखही होऊ नये, याचे नवल वाटले.

घटकानुसार फी भरण्याची सोय आहे आणि शंकांना सर तासानंतरही वेळ देतात. रेकॉर्डिंग मात्र मिळत नाही; त्यामुळे प्रशियाचा तास चुकवू नये, कारण नोट्समध्ये त्याची चार ओळींत बोळवण केली आहे.