‘मोटर जळलीय’ म्हणाला आणि अकराशे चाळीस डॉलर घेऊन गेला

आम्ही न्यू जर्सीत मिडलसेक्स काउंटीत राहतो. म्हणजे ज्या भागात पोहे, भाकरीचं पीठ आणि ओळखीचा भटजी पंधरा मिनिटांत मिळतो, पण शनिवारी संध्याकाळी भरवशाचा प्लंबर मिळत नाही, तिथे.

आई कोल्हापूरहून आली होती. रविवारी जेवायला बारा माणसं, म्हणून तिने आदल्या दिवशीच बटाटे उकडून सोलायला घेतले. सालं सिंकमध्ये. दुपारचा उरलेला भात सिंकमध्ये. चहाचा चोथाही सिंकमध्ये. मी तिला पहिल्याच दिवशी कौतुकाने सांगितलं होतं, "आई, इथे सिंकखाली यंत्र असतं, खरकटं त्यातच टाकायचं." चूक माझी. मी बटण दाबलं तर ते खरकटं बारीक करणारं यंत्र, म्हणजे डिस्पोजल, नुसतं गुरगुरलं, फिरेना. सिंकमध्ये गढूळ पाणी चढत चाललेलं आणि वर बटाट्याची सालं तरंगताहेत.

फोनवर ‘जवळचा प्लंबर’ शोधला. सगळ्यात वर एक नाव, आमच्याच भागातला ७३२ने सुरू होणारा नंबर, पत्ता आमच्याच गावातला, व्हिजिट फी फक्त २९ डॉलर. फोन उचलणाऱ्या बाईला आमच्या गावाचं नाव नीट उच्चारता येईना, पिनकोड दोनदा विचारला. तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. पण अडला हरी! उद्या बारा पानं मांडायची होती.

दीड तासाने एक तरुण आला. साधी पांढरी व्हॅन, तिच्यावर नाव नाही, नंबर नाही. अत्यंत गोड बोलणारा. आईला वाकून नमस्ते वगैरे. त्याने बटण दाबलं, गुरगुर ऐकली, टॉर्च मारला आणि म्हणाला, "मोटर जळलीय." मोजून दहा सेकंद लागली असतील. मग सिंकखालचा पाइप ठोकून पाहिला, तोंड वाईट केलं, "हेही आतून गेलंय. आज नाही केलं तर रात्री खाली बेसमेंटमध्ये पाणी येईल." बेसमेंट म्हटल्यावर आमच्या घरात चर्चा संपते. गेल्याच वर्षी तिथे फरशी घातली होती.

हिशेब त्याने फोनवरच दाखवला. नवं डिस्पोजल ५४०, लाइन साफ करणं ४२५, शनिवारचा आकार १७५, पाइप १५०. एकूण १,२९०. नवऱ्याच्या कपाळावरची आठी पाहून लगेच म्हणाला, "झेलने दिलेत तर ११४०." झेल म्हणजे फोनवरून थेट बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय. आम्ही खूश. घासाघीस न करता दीडशे वाचले ना! जुनं डिस्पोजल "फेकायचा त्रास तुम्हाला कशाला" म्हणत तो उचलून घेऊन गेला. पावती ईमेलने येणार होती. ती अजून यायची आहे.

रविवार छान पार पडला. सोमवारी डिशवॉशर लावला, तर भांडी धुवून झाल्यावर तळात चार बोटं घाण पाणी तसंच. त्या नंबरला फोन केला, कोणी उचलेना. शेवटी मंडळातल्या एका काकांनी त्यांचा नेहमीचा प्लंबर दिला, साठीचा, फार न बोलणारा. त्याने सिंकखाली डोकं घातलं आणि हसायलाच लागला. नव्या डिस्पोजलमध्ये डिशवॉशरची नळी जिथे जोडतात, तिथे आतून प्लास्टिकची चकती असते. नळी जोडायच्या आधी ती ठोकून काढायची असते. आमच्या ‘तज्ज्ञा’ने चकती तशीच ठेवून वर नळी बसवली होती. म्हाताऱ्याने स्क्रूड्रायव्हर लावून दोन ठोके दिले, आत पडलेली चकती पकडीने बाहेर काढली. संपलं. वर लेबल वाचून दाखवलं: एक तृतीयांश हॉर्सपॉवर, म्हणजे सगळ्यात लहान मॉडेल. दुकानात साधारण शंभर डॉलरच्या आसपास मिळतं, म्हणाला.

मग त्याने विचारलं, "जुनं गुरगुरत होतं की गप्प होतं?" गुरगुरत होतं म्हटल्यावर त्याने मान हलवली. गुरगुरतं म्हणजे मोटरला वीज मिळतेय, फक्त आतली तबकडी कशात तरी अडकलीय. आत पाती नसतातच. तबकडीवरचे दोन तुकडे खरकटं कडेच्या दातेरी कड्यावर आपटतात आणि तिथे ते बारीक होतं. मधे काही कडक सापडलं की सगळं जाम. अशा वेळी आधी ब्रेकर पाडायचा, म्हणजे वीज बंद. मग बऱ्याच मॉडेलच्या बुडाशी मधोमध भोक असतं, त्यात पाव इंची षटकोनी किल्ली घालून मागेपुढे फिरवायची. तबकडी मोकळी झाली की चिमट्याने अडकलेली वस्तू काढायची. हात घालायचा नाही. शेवटी बुडाशी असलेलं लाल बटण आत दाबायचं आणि ब्रेकर चालू करायचा. डिस्पोजल पूर्ण गप्प असेल तर आधी ते लाल बटणच दाबून बघायचं.

ती किल्ली आमच्याकडे होती. घर घेतलं तेव्हापासून सिंकखालच्या कपाटात पिशवीत पडलेली. नवरा सहा वर्षं समजत होता की ती कुठल्यातरी कपाटाच्या जोडणीतली उरलीय.

त्याचं बिल १२० डॉलर, कागदावर, वर परवाना क्रमांक. त्याच्याकडूनच कळलं की न्यू जर्सीत घरदुरुस्ती करणाऱ्याची राज्याच्या ग्राहक विभागाकडे नोंदणी लागते, क्रमांक १३व्हीएच या अक्षरांनी सुरू होतो आणि तो गाडीवरही लिहायचा असतो. प्लंबर असेल तर त्याचा वेगळा परवाना. दोन्ही ऑनलाइन फुकट तपासता येतात. शिवाय पाचशे डॉलरच्या वरचं घरदुरुस्तीचं काम लेखी कराराशिवाय करता येत नाही. आमच्याकडे लेखी काय होतं? आईच्या फोनमधला त्याच्यासोबतचा सेल्फी.

बँकेने हात वर केले: पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत. कार्डाने दिले असते तर निदान वाद घालता आला असता. दीडशेची सूट कशासाठी होती ते तेव्हा कळलं. ग्राहक विभागाकडे तक्रार केलीय, सेल्फीसकट.

आता सालं, भात, चोथा, कढीपत्ता, कोथिंबिरीच्या काड्या, आंब्याच्या कोयी सगळं कचऱ्यात जातं. भात आणि डाळ पाइपात फुगून लगदा होतात, काड्यांचे दोरे तबकडीला गुंडाळतात. फोडणीचं तेल तर मुळीच ओतत नाही. डिस्पोजल चालवताना गार पाणी, आणि आवाज हलका झाल्यावरही अर्धा मिनिट पाणी चालूच. आईला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "मग ते यंत्र ठेवलंय कशाला?"

आणि मसाल्याच्या डब्यातला छोटा स्टीलचा चमचा त्या शनिवारपासून सापडत नाहीये.