फुकट मिळणाऱ्या डाविंची रिझॉल्व्हवर वीगन लघुपट: काय जमतं, कुठे अडतं

वीगन, म्हणजे दुधासकट प्राण्यांपासून आलेलं काहीही नसलेल्या, खाण्यावरच्या लघुपटात बहुतेक वेळ पडद्यावर पांढरे पदार्थ असतात. शेंगदाण्याचं दही, सोयाचं दूध, नारळाचं दूध, टोफू. हे जरा राखाडी किंवा हिरवट दिसले की बघणाऱ्याच्या मनातली शंका पक्की होते: दुधाशिवायचं म्हणजे असंच बेचव असणार. म्हणून अशा कामासाठी संपादनाचं सॉफ्टवेअर निवडताना आधी रंग बघावेत, मग आवाज. ब्लॅकमॅजिक डिझाइन या ऑस्ट्रेलियन कंपनीचं डाविंची रिझॉल्व्ह या दोन्हींत भक्कम आहे, आणि त्याची मोफत आवृत्ती दहा-बारा मिनिटांच्या लघुपटाला पुरून उरते. कंपनीचा शिक्का चित्रावर एरवी उमटत नाही, मुदत संपत नाही, ३८४० बाय २१६० पर्यंतचं चित्र बाहेर काढता येतं. तरीही काही जागा अशा आहेत की तिथे आधी माहिती नसेल तर आठवड्याचं काम पाण्यात जातं.

आधी संगणक. १६ जीबी रॅम हवी. ८ जीबीवर सॉफ्टवेअर सुरू होतं, पण रंगांच्या पानावर गेलं की अडखळतं. चित्र अडकत चाललं तर मीडिया पूलमध्ये (आत आणलेल्या तुकड्यांच्या यादीत) सगळे तुकडे निवडून ‘ऑप्टिमाइज्ड मीडिया’, म्हणजे चालवायला हलक्या प्रती, तयार करून घ्यावा. ही सोय मोफत आवृत्तीतही आहे. लिनक्सवाल्यांनी मात्र सावध राहावं: तिथे मोफत आवृत्ती फोनच्या एच.२६४ फाइल्स (व्हिडिओ दाबून साठवण्याची नेहमीची पद्धत) वाचतच नाही. विंडोजवरही काही १०-बिट (रंगांच्या जास्त छटा साठवणाऱ्या) फाइल्स उघडत नाहीत, तेव्हा चित्रण साध्या ८-बिट एच.२६४ मध्ये केलेलं बरं.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. रिझॉल्व्ह नव्या प्रोजेक्टला मुळात सेकंदाला २४ फ्रेम्स (चित्रं) धरतं. पहिला तुकडा आत आणला की हा आकडा कुलूपबंद होतो, नंतर बदलता येत नाही. म्हणून प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या, काहीही आत आणण्याआधी, खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चक्राच्या खुणेवर जाऊन मास्टर सेटिंग्जमध्ये टाइमलाइनचा (तुकडे ओळीने लावायच्या पट्टीचा) वेग २५ करावा. २५ च का? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. २५ फ्रेम्स आणि १/५० सेकंद शटर ठेवलं की हे लुकलुकणं चित्रात येत नाही. ३० फ्रेम्स आणि १/६० वर तेच स्वयंपाकघर पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं, आणि हे पट्टे मागाहून धड निघत नाहीत.

फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात आणखी एक खोट असते. त्यात वेग स्थिर राहत नाही, कधी २९.८, कधी ३०.१. टाइमलाइनवर पाच मिनिटांच्या मुलाखतीत ओठ आणि आवाज हळूहळू सुटे होतात. याच कंपनीचं ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे मोफत ॲप आयफोनवर २०२३ पासून आणि काही निवडक अँड्रॉइड फोनवर २०२४ पासून मिळतं. त्यात वेग, शटर, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता), व्हाइट बॅलन्स आणि फोकस सगळं हाताने बांधून ठेवता येतं. ज्यांच्या फोनवर ते चालत नाही त्यांनी सगळे तुकडे आधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ (स्थिर वेगाचे) करून घ्यावेत आणि मगच रिझॉल्व्हमध्ये आणावेत.

आता पांढऱ्या पदार्थांकडे. शेंगदाण्याच्या दह्याचं दृश्य नमुन्यादाखल घेऊ. १ वाटी शेंगदाणे सात-आठ तास भिजवून, सालं काढून, ३ वाट्या पाण्यात वाटून गाळायचे. ते दूध मंद आंचेवर दहाएक मिनिटं सतत ढवळत उकळायचं, नाहीतर तळाला लागतं आणि करपट वास येतो. कोमट झालं की सात-आठ हिरव्या मिरच्यांची देठं घालून आठ-दहा तास झाकून ठेवायचं. विरजण म्हणून घरातलं साधं दही चमचाभर घातलं तर ते वीगन राहत नाही, हे निवेदनात सांगायलाच हवं. देठांवरचं पहिलं दही बहुतेकदा सैल लागतं. त्याचंच विरजण लावलेलं दुसरं घट्ट होतं. चित्रणासाठी दुसऱ्या खेपेचं भांडं आधीच तयार ठेवावं. दही लागताना डोळ्यांना काही दिसत नाही, तिथे टाइमलॅप्स वाया जातो. खरा पुरावा म्हणजे चमचा रोवून उचललेला दह्याचा काप.

तो काप उठून दिसण्यासाठी उजेड बाजूने हवा. समोरून पडला की पांढऱ्यावर पांढरं, कड हरवते. खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला घ्यावी, ट्यूब बंद करावी, ऊन थेट येत असेल तर पातळ पांढरं धोतर किंवा मलमल खिडकीला लावावी. फोनच्या भिंगाचं तोंड लहान करता येत नाही, म्हणून १/५० शटरवर भर दुपारी चित्र फटफटीत होतं. कापड दोन्ही कामं करतं, उजेड कमीही करतं आणि मऊही. दर दृश्याच्या सुरुवातीला एक साधा पांढरा कागद तीन सेकंद कॅमेऱ्यासमोर धरावा.

रंगांच्या पानावर हा कागद कामी येतो. पॅरेड स्कोप या रंगांच्या आलेखात कागदाचे लाल, हिरवा, निळा असे तिन्ही पट्टे एका उंचीवर आणायचे. दह्याला मात्र लाल किंचित वर ठेवावा, म्हणजे शेंगदाण्याचा उबदार रंग राहतो. तिन्ही अगदी सारखे केले की दही खडूसारखं दिसतं. उजळपणा स्कोपच्या १०२३ पैकी ८०० च्या आसपास थांबवावा. ९५० च्या वर गेलं की कापाचे कंगोरे मिटतात. ट्यूबखाली चित्रित झालं असेल तर हळदीची फोडणी हिरवट वाटते. ‘ह्यू व्हर्सेस ह्यू’ या वक्ररेषेवर पिवळा थोडा नारिंगीकडे ढकलला की ठीक होते. एक तुकडा नीट जमला की पुढचा तुकडा निवडून जमलेल्यावर माउसचं मधलं बटण दाबायचं, रंग जसेच्या तसे उतरतात. इतकं बारीक काम फुकटात करू देणारं दुसरं सॉफ्टवेअर सुचवणं कठीण आहे. फक्त दाणेदार चित्र स्वच्छ करण्याची सोय मोफत आवृत्तीत नाही. ती वापरून पाहिली तर चित्रावर शिक्का येतो. त्यामुळे आयएसओ शक्यतो ४०० च्या आत ठेवावा.

आवाजाचं पान, फेअरलाइट, यात भरपूर काही आहे. पण खोलीतला गोंगाट काढून बोलणं वेगळं करणारी ‘व्हॉइस आयसोलेशन’ पैसे भरलेल्या आवृत्तीतच आहे, तेव्हा पंखा आणि फ्रिज चित्रणाआधीच बंद करावेत. फ्रिज पुन्हा सुरू करायचा विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवावी, ध्वनिमुद्रकांची ही जुनी युक्ती आहे. कॉलर माइक हनुवटीपासून वीतभर. मिक्सर आणि फोडणी स्वतंत्र ध्वनिमुद्रित करावी, आणि रिकाम्या खोलीची शांतता अर्धा मिनिट. संपादनात ८० हर्ट्झखालचा घुमणारा आवाज कापावा, विजेची गुणगुण उरली तर ती काढणारा डी-हमर ५० वर ठेवावा. यूट्यूबसाठी एकूण पातळी उणे १४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप).

उपशीर्षकं हातानेच टंकावी लागतात, आपोआप लिहून देणारी सोयही मोफत नाही. टंक युनिकोडच हवा. मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता पडद्यावर स्वच्छ वाचता येतो आणि वापरायला खुला आहे. निवडण्याआधी ‘दुसऱ्या भांड्यात किती घट्ट, शुद्ध’ असं एक वाक्य टाकून बघावं. ‘ऱ्या’ तुटला किंवा ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली तर तो टंक किंवा ती शीर्षकाची पद्धत सोडून द्यावी. पाकिटांवरच्या खुणांची दृश्यं असतील तर उपशीर्षकात एक गोष्ट स्पष्ट लिहावी: हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध चालतं. वीगन पदार्थांसाठी एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचे २०२२ चे वेगळे नियम आहेत आणि खूणही वेगळी, हिरव्या व्हीची.

रिझॉल्व्हची सगळ्यात त्रासदायक बाब म्हणजे प्रोजेक्ट चित्रणाच्या फोल्डरमध्ये नसतो, सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या डेटाबेसमध्ये असतो. फोल्डर पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या संगणकावर गेलं की हाती फक्त कच्चे तुकडे लागतात. रोज काम संपल्यावर प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून त्याची डीआरपी फाइल (प्रोजेक्टची प्रत) चित्रणाशेजारी ठेवावी, आणि प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्ट बॅकअप सुरू करावा.

शेवटी फाइल बाहेर काढताना १०८० साठी सेकंदाला २० मेगाबिट पुरे. दहा मिनिटांची फाइल साधारण दीड जीबी होते. उपशीर्षकं चित्रातच छापून न टाकता वेगळी एसआरटी (उपशीर्षकांची मजकूर फाइल) काढावी, एक मराठी, एक इंग्रजी. यूट्यूबवर दोन्ही चढतात. व्हॉट्सॲपवर साध्या व्हिडिओसारखी पाठवली तर रंगांवरची सगळी मेहनत चुरगळते. डॉक्युमेंट म्हणून २ जीबीपर्यंत मूळ फाइल जाते. चित्रपटगृहासाठी डीसीपी (तिथल्या प्रोजेक्टरला लागणारा फाइलसंच) लागला तर डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात २५ चे २४ फ्रेम्स करताना आवाज ४ टक्के संथ होतो, संगीत असेल तर कान देऊन तपासावं.

तिकीट लावून किंवा सार्वजनिक खेळ करायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. गोठा, गाय, वासरू पडद्यावर असेल तर त्यासाठी भारतीय पशु कल्याण मंडळाचं ना हरकत पत्रही मागतात. ते चित्रणाआधी काढावं, नंतर फार दगदग होते. मुंबईचा मिफ महोत्सव १९९० पासून माहितीपट आणि लघुपट दाखवतो. पाठवण्याआधी त्या वर्षीची लांबीची आणि उपशीर्षकांची अट वाचून घ्यावी.

रिझॉल्व्हची पैसे भरलेली स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरला एकदाच घ्यायची असते, मासिक वर्गणी नाही. वर्षाला तीन-चार लघुपट करणाऱ्या गटाने ती घ्यावी, विशेषतः रात्रीचं किंवा बाजारातलं चित्रण असेल तर. पहिला लघुपट करणाऱ्यांनी ते पैसे एका बऱ्या कॉलर माइकवर आणि दोन हार्ड डिस्कवर घालावेत.