कालव्याचा जुना फोटो: आधी पूल ओळखावा की बोट?

इंग्लंडमधल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात पोस्टकार्डांचं खोकं चाळलं की कालव्याचा एखादा फोटो हाताला लागतोच. कमानीचा पूल, लांबट बोट, काठावर घोडा. मागे काही लिहिलेलं नसतं, फार तर नुसतं ‘कालवा’. बर्मिंगहॅम-लेस्टरकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणाला त्याची जागा आणि साल शोधावंसं वाटलं, तर पहिला प्रश्न हाच पडतो की सुरुवात पुलापासून करावी की बोटीपासून. माझा कौल पुलाला आहे. बोटीवर अक्षरं असतात म्हणून डोळा आधी तिकडे जातो, आणि गफलत होते ती तिथेच.

केबिनवर ‘न्यूनीटन’ वाचून लगेच न्यूनीटन गावाचा नकाशा उघडू नका. लंडन-बर्मिंगहॅम जोडणाऱ्या ग्रँड युनियन कालव्याच्या माल वाहतूक कंपनीने 1930 च्या दशकात मोठा ताफा बांधला, तेव्हा एका वर्गातल्या बोटींना गावांची नावं दिली, दुसऱ्या वर्गातल्यांना ताऱ्यांची. ओल्डबरीच्या थॉमस क्लेटन कंपनीच्या डांबर वाहणाऱ्या बोटींवर नद्यांची नावं असत. म्हणजे ‘स्टाउर’ वाचून स्टाउर नदी शोधत बसलात तर दिवस वाया. नोंदणीचंही तसंच. 1877 च्या कायद्याने ज्या बोटींवर माणसं राहत त्यांची नोंदणी सक्तीची झाली आणि केबिनच्या बाजूवर नोंदणीचं गाव व क्रमांक रंगवला जाऊ लागला. पण गाडीवर एमएच-12 दिसलं म्हणून फोटो पुण्यातच काढला असं आपण म्हणत नाही, तसंच हे.

पूल मात्र जागचा हलत नाही, आणि इंग्लंडच्या प्रत्येक कालवा कंपनीचे इंजिनिअर वेगळे, खर्चाचा हात वेगळा, त्यामुळे बांधकामाची धाटणीही वेगळी. लॉक म्हणजे पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा दरवाज्यांचा हौद; अर्धगोल छपराचं लॉक-राखणदाराचं घर दिसलं तर स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग आधी पाहा. त्याच कालव्यावर मधोमध फट ठेवलेले लोखंडी पूल आहेत. बोट ओढणारा घोडा न सोडता त्याचा दोर त्या फटीतून पलीकडे जाई. गोल मनोऱ्यासारखी घरं थेम्स-सेव्हर्न कालव्याची. खोल खोदाईतल्या उंच पुलाच्या दोन कमानींच्या मध्ये तारेचा खांब उभा असेल तर तो श्रॉपशायर युनियनवरचा 39 नंबरचा पूल, शंकाच नको. दक्षिण ऑक्सफर्ड कालव्यावर लाकडी उचल-पूल, लीड्स-लिव्हरपूलवर फिरते पूल. यांवर एकट्याने निकाल देता येत नाही, पण शोध पुष्कळ आटोक्यात येतो.

लॉकची रुंदी तर मोजूनच बघा. अरुंद लॉक साधारण 7 फुटांचं, एका वेळी एकच नॅरोबोट, म्हणजे कालव्याची लांबट अरुंद बोट, घेणारं. रुंद लॉक 14 फुटांचं, त्यात दोन शेजारी-शेजारी बसतात. लीड्स-लिव्हरपूलच्या विगन ते लीड्स भागातली लॉक रुंद पण लांबीला 62 फुटांच्या आसपास, त्यामुळे 70 फुटी नॅरोबोट तिथे मावत नाही, आणि तिथल्या बोटी आखूड-जाड दिसतात. कधीकधी लॉक सालही सांगतं. वॉरिकजवळच्या हॅटनची 21 लॉक आधी अरुंद होती. 1934 मध्ये शेजारीच नवी रुंद लॉक सुरू झाली. हॅटनच्या अरुंद लॉकमधून बोट जाताना दिसत असेल तर फोटो त्याआधीचा.

पूलही फसवतात, हे खरं. बर्मिंगहॅमकडच्या बऱ्याच लोखंडी पुलांवर हॉर्सली कारखान्याचं नाव ओतलेलं आहे. ते ठिकाणाचं नाव नव्हे, आणि त्याच कारखान्याचे पूल नॉर्थॅम्प्टनशायरमधल्या ब्राउन्स्टनलाही आहेत. शिवाय विटांचा साधा कमानदार पूल शेकड्यांनी सापडतो. तिथे नंबराची पाटी वाचता आली तरच काही आशा.

साधनांच्या बाबतीतही जागेचं पारडं जड आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर इंग्लंडचेही जुने सर्व्हे नकाशे फुकट आहेत, आणि जुना नकाशा व आजचं उपग्रहचित्र शेजारी-शेजारी ठेवून बघता येतं. मैलाला 25 इंचांच्या नकाशात लॉक, पूल, मैलाचे दगड, काठची वखार, सगळं असतं. जिओग्राफ या संकेतस्थळावर चौरस किलोमीटरवार आजचे फोटो मिळतात. गिरणीची चिमणी किंवा गॅसची टाकी मागे दिसत असेल तर 1919 पासूनच्या एरोफिल्म्स कंपनीच्या हवाई चित्रांत ती शोधावी. बोटीसाठी मात्र नोंदणीवह्या, टोलसाठी ठेवलेल्या मापनवह्या आणि हौशी मंडळींनी जमवलेल्या ताफ्यांच्या याद्या. यातलं पुष्कळसं घरबसल्या मिळत नाही.

मग बोट कशासाठी? सालासाठी. मोटरबोटीचा मागचा भाग गोलसर आणि पाण्याखाली पंखा. तिच्यामागे ओढल्या जाणाऱ्या बिनइंजिनाच्या ‘बटी’ला टोकदार शेपूट आणि मोठं लाकडी सुकाणू. फेलोज, मॉर्टन अँड क्लेटन ही कंपनी 1889 ची, तिचा कारभार 1940 च्या दशकाअखेर संपला, त्यामुळे वाहत्या मालासह ते नाव दिसलं की दोन्ही टोकं मिळाली. त्यांचीच ‘प्रेसिडेंट’ 1909 ची वाफेवरची बोट. 1925 मध्ये तिच्यात डिझेल इंजिन बसलं. म्हणून वाफेच्या इंजिनाचं धुराडं आहे की नाही यावरून काळ ठरतो. पण सांभाळून: पुढे हौशी लोकांनी ती पुन्हा वाफेवर आणली. धुराडं दिसलं म्हणून फोटो शंभर वर्षांपूर्वीचा, असं धरू नका. काठावरच्या माणसांचे कपडे बघा.

रंगसंगतीवर मी फार भिस्त ठेवत नाही. जुन्या काचपट्ट्यांवर तांबडा जवळजवळ काळा आणि निळा पांढुरका उतरायचा, त्यामुळे करड्या छटांवरून ग्रँड युनियनचा निळा की फेलोजचा लाल-हिरवा हे सांगणारा माणूस बहुधा आपल्या मनातलंच सांगत असतो. एक तपासणी मात्र दोन्ही वाटांच्या आधी करावी. फोटो उलटा तर छापलेला नाही ना? अक्षरं नसतील तर केबिनचं धुराडं पाहा. चूल आत शिरताना डाव्या हाताला असते, म्हणून सुकाणू धरून पुढे पाहणाऱ्याच्या डावीकडेच धुराडं हवं. उजवीकडे असेल तर आधी फोटो फिरवा. नाहीतर नकाशावरचं वळण जन्मात जुळायचं नाही.

एका बाबतीत मी बोटीपासून सुरुवात करेन. मागे नुसती शेतं आणि झुडपं, आणि केबिनवर क्रमांक मात्र स्वच्छ. मग एल्समिअर पोर्टच्या जलमार्ग संग्रहालयाच्या अभिलेखागाराला लिहावं. टोल आकारण्यासाठी बोट किती वजनाला किती बुडते ते मोजून ठेवत, त्या मापनवह्यांचा मोठा साठा तिथे आहे. मापनाचा क्रमांक आणि नोंदणीचा क्रमांक वेगळे असतात. कुठल्या पाटीवरचा कुठला आकडा आहे ते पत्रात स्पष्ट लिहा, आणि अंधूक अंकाच्या जागी अंदाजाचा अंक न भरता टिंब ठेवा.