बुडखा कुजवायची पावडर : दीड वर्षानंतरचा अभिप्राय

पाकिटावर ठसठशीत अक्षरांत लिहिलंय, ‘चार ते सहा आठवड्यांत बुडखा भुसभुशीत’. मला दीड वर्ष लागलं, म्हणून अभिप्रायही आत्ता लिहितेय. पाचापैकी अडीच तारे. पावडर खोटी नाही, पाकीट खोटं आहे.

वादळात बागेतला गुलमोहर कलला, तो कापावा लागला. त्याच्या आधारानं उभा असलेला धाकटाही त्याच दिवशी काढला. मागे राहिले दोन बुडखे, त्यातला थोरला मिठीत न मावणारा. आधी ह्यांनी दोन रविवार पहार आणि कुऱ्हाड चालवून पाहिली. गुलमोहराची मुळं आडवी पसरतात, एक तोडावं तर खालून दुसरं हजर. कुऱ्हाडीचा दांडा मोडला, तिसऱ्या रविवारी ह्यांची कंबर धरली आणि मी पावडर मागवली.

कृती चार ओळींत उरकली आहे: भोकं पाडा, पावडर भरा, गरम पाणी ओता, वाट पाहा. पहिल्या दोन शब्दांत माझ्या दोन संध्याकाळी गेल्या. भोक २५ मिलिमीटर रुंद आणि वीतभर खोल हवं. बोटभर आत गेलं की ओला भुसा बिटाला गच्च गुंडाळला जायचा. बिट बाहेर काढा, काडीनं भुसा खरवडा, पुन्हा घाला. अशी चौदा भोकं पाडली. शेवटच्या चारांना ड्रिलमधून जळका वास यायला लागला होता. कडेनंही तिरकी भोकं पाडून ती वरच्यांना आत मिळवली, म्हणजे पाणी आरपार फिरतं. हे पाकिटावर नाही, माझं मला सुचलं.

मग चार महिने काही म्हणजे काही झालं नाही. भोकांच्या तोंडाशी पांढरी खपली धरली आणि सालीतून चक्क हिरवे धुमारे फुटले! म्हणजे मी कुजवायला घेतलेलं झाड अजून जिवंत होतं. जिवंत लाकूड कुजत नाही. झाड कापल्यावर बुडखा आधी पुरता मरू द्यावा लागतो, दिसला धुमारा की खुडावा लागतो. या मुद्द्यावर पाकीट गप्प.

तेव्हा कुठे मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. आत फक्त पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपला सोरा. बागायतदार १३:०:४५ म्हणून जे खत घालतात तेच. ही पावडर लाकूड खात नाही, लाकूड खाते बुरशी. लाकडात कार्बन भरपूर, पण नत्र नावापुरतं, त्यामुळे बुरशीची वाढ रखडते. पावडर तिला ते नत्र पुरवते. पण बुरशीला ओल लागते, आणि माझा बुडखा उन्हात ठणठणीत वाळत पडला होता.

मग थोरल्यावर ओलं गोणपाट घातलं, वर पालापाचोळा आणि माती, दिवसाआड एक बादली पाणी. धाकट्याला मुद्दाम पावडर दिली नाही, बाकी सगळं तसंच. पावसाळा संपता संपता गोणपाट उचललं तर थोरल्याच्या सालीखाली पांढरे तंतू पसरलेले, ओल्या अळंबीसारखा वास, आणि जिथे ड्रिल अडत होतं तिथे स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. धाकट्यात तो दोन तृतीयांश गेला. दोन बुडख्यांवरून शास्त्र मांडू नये, शिवाय धाकटा मुळात लहान. तरी माझं मत सांगते: निम्म्याहून जास्त काम पाण्यानं आणि गोणपाटानं केलं. पावडरीचा हातभार लागला, एवढंच.

एका गोष्टीचा मात्र राग आहे. पाकिटाच्या मागे सुचवलंय की बुडखा मऊ झाला की पेटवून द्या. सोरा बंदुकीच्या दारूत घालतात, तो विस्तवाला प्राणवायू पुरवतो. आग मुळातून जमिनीखाली शिरली तर कितीतरी दिवस आतल्या आत धुमसत राहते, वरून दिसतही नाही. आमच्या कुंपणाला लाकडी फळ्या आहेत. आम्ही काडी लावली नाही, तुम्हीही लावू नका. लहान मुलं नि कुत्री-मांजरं असतील तर भरलेली भोकं झाकून ठेवा.

गेल्या आठवड्यात खणायला घेतलं. कडा भिजलेल्या पुठ्ठ्यासारख्या फावड्याला लागून आल्या, सहा घमेली निघाली. मधला गाभा अजून टणक होता, त्याला पहारच लागली, पण या वेळी ती तासाभरात जिंकली. पायवाटेखालची मुळं तशीच आहेत, कुजत जातील तशी वरची फरशी खचेल. एक खचलीच आहे.

घाई असेल तर पावडरीच्या नादी लागू नका, बुडखा किसणारं यंत्र बोलवा. वर्ष-दीड वर्ष थांबायची तयारी असेल तर आधी गोणपाट शोधा, पावडर नंतर.

माझं अर्धं पाकीट उरलंय. झाकणाच्या डब्यात, फळीवर, काडेपेटीपासून लांब ठेवलंय. पंधरा दिवसांनी चिमूटभर बादलीत विरघळवून जास्वंदीला घालते. तिला कळ्या आल्यात.