नगर परिषदेच्या वेबसाईटचं काम आणि माझे १,१५,४४० रुपये

आकडा आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. माझ्या खात्यातून १,२५,४४० रुपये गेले. नगर परिषदेच्या वेबसाईटचं खोटं काम देऊन मला फसवणाऱ्या माणसानं विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला दिलेले १०,००० वजा केले की उरतात १,१५,४४०. माझी स्वतःची तीन महिन्यांची मेहनत यात धरलेली नाही. ती कुठल्या कागदावर लिहायची तेच मला अजून कळलेलं नाही.

मी जुळे सोलापुरात वेबसाईट बनवायचं छोटं काम करते. चादर-टॉवेलवाले, दवाखाने, क्लासेस, मंगल कार्यालयं अशी माझी गिऱ्हाइकं. जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यापैकीच एकाकडून माझा नंबर घेऊन एका माणसानं फोन केला. पुण्याच्या कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर आहे म्हणाला. जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेची जुनी वेबसाईट काढून नवी बसवायचं काम कंपनीला मिळालंय, आम्हाला स्थानिक माणूस हवाय, तुम्हाला ४,२०,००० रुपये तीन हप्त्यांत देऊ. नगर परिषदेचं नाव इथं लिहीत नाही, कारण तक्रार अजून पुढं सरकायची आहे.

काम अगदी खरं वाटावं असंच होतं. ती वेबसाईट मी उघडून पाहिली. जूमला १.५ या जुन्या वेबसाईट-सॉफ्टवेअरवर चालणारी, म्हणजे जिच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या २०१२ मध्येच थांबल्या अशी. निम्मा मजकूर युनिकोडच्या (मराठी अक्षरं सगळीकडे सारखी दिसावीत म्हणून असलेल्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये, त्यामुळे मोबाईलवर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसायचा. ठरावांच्या पीडीएफ वाकड्या स्कॅन केलेल्या, निविदांच्या पानावर कित्येक वर्षांपूर्वीच्या निविदा. ही बदलायला हवी यात कुणालाच शंका आली नसती. मला तरी का यावी?

"तपासून घ्यायचं ना" असं मला आजवर शंभर जणांनी ऐकवलंय. तपासलं होतं. त्यानं कार्यादेश, म्हणजे नगर परिषदेची वर्क ऑर्डर, पाठवला. लेटरहेड, गोल शिक्का, जावक क्रमांक, मुख्याधिकाऱ्यांची सही, सगळं होतं. सहीखालचं नाव मी नगर परिषदेच्या वेबसाईटवरच्या नावाशी ताडून पाहिलं आणि ते जुळलं. जुळणारच होतं, कारण त्या साहेबांची बदली कधीच झाली होती आणि वेबसाईटवरचं नाव कुणी बदललंच नव्हतं. कार्यादेशावरची तारीख त्यांच्या बदलीनंतरची होती. हे मला कळायचं कसं? माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४(१)(ख) मध्ये १७ बाबी सांगितल्यात, त्यात अधिकारी-कर्मचाऱ्यांची निर्देशिका आहे आणि ती दरवर्षी अद्ययावत करायची असं कायदाच म्हणतो. त्यांनी तेवढं केलं असतं तर पहिल्याच दिवशी नाव जुळलं नसतं आणि मी फोन ठेवून दिला असता.

वेबसाईटवरचा कार्यालयाचा फोन बंद होता. कार्यादेशावर मोबाईल नंबर होता, त्यावर "संगणक अभियंता" बोलले. त्यांनी सगळ्या गोष्टींना होकार दिला. हा माणूस त्याचाच साथीदार असणार, हे आता कळतंय. म्हणून सांगते, समोरच्यानं दिलेल्या कागदावरच्या नंबरला फोन करणं म्हणजे पडताळणी नव्हे. कार्यालयात जा, आवक-जावक टेबलावर जावक क्रमांक दाखवा आणि नोंदवहीत बघायला सांगा. दहा मिनिटांचं काम आहे.

मी गेले नाही, कारण त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, "ताई, पोट-ठेका द्यायला टेंडरच्या अटीत परवानगी नसते. तुम्ही तिथं दिसलात तर आमचं काम रद्द होईल आणि तुमचंही." सरकारी कामात पोट-ठेकेदार पडद्याआड राहूनच काम करतात, हे आपल्या धंद्यातल्या कुणाला माहीत नाही? म्हणून ते पटलं. हे वाक्य तुमच्या कानावर आलं तर तिथंच उठा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्यानं मला जुन्या साईटचं ॲडमिन लॉगिन दिलं. ते चालत होतं. आत जाऊन मी सगळा डेटा पाहिला. नगर परिषदेच्या साईटच्या आत जो माणूस नेतो तो बाहेरचा असेल, असं कुणाच्या डोक्यात येईल? नंतर नगर परिषदेतच कळलं की साईट बनवणाऱ्या आधीच्या एजन्सीनं ठेवलेला पासवर्ड तसाच चालू होता. कुणी बदललाच नव्हता. त्या एजन्सीकडे काम केलेल्या कुणाकडेही तो असू शकतो.

पैसे असे गेले. कामाच्या ५ टक्के सुरक्षा ठेव, २१,०००. जीओव्ही डॉट इन डोमेन (साईटचा सरकारी पत्ता) आणि एसएसएलसाठी (साईटचं सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) ११,८००. सुरक्षा ऑडिटसाठी जीएसटीसह ४७,२००. हे ८०,००० थेट त्याच्या कंपनीच्या चालू खात्यात गेले. शिवाय सर्व्हरचे ९,४४०, आणि जुन्या फॉन्टमधला व स्कॅनमधला मजकूर युनिकोडमध्ये आणायला दोन मुली लावल्या होत्या, २,४०० पानं, पानाला १५ रुपये, त्यांचे ३६,०००. त्या मुलींचे पैसे मी वेळेवर दिले, त्याचं मला समाधान आहे.

सुरक्षा ठेव संबंधित कार्यालयाच्याच नावानं भरायची असते, मधल्या माणसाच्या खात्यात नाही. जीओव्ही डॉट इन नाव तर बाजारात मिळतच नाही. ते फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं, कार्यालयाच्या अधिकृत पत्रावर, एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेकडून. तो म्हणाला, पत्र गेलंय, ही फक्त प्रक्रियेची फी आहे. बिलावरचा जीएसटी नंबर २९ नं सुरू होत होता, म्हणजे कर्नाटकातला. पुण्याचा असता तर २७ हवा. माझ्या दिरांनी ते पाहिलं आणि सोडून दिलं, मीही सोडून दिलं. सोलापुरात बसून विजापूर-कलबुर्गीची २९ वाली बिलं रोज हातात येतात, त्यात कुणाला वावगं दिसत नाही. पण जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की फर्मचं नाव लगेच दिसतं. ते आम्ही नंतर केलं. नाव भलत्याच फर्मचं निघालं.

आता ज्या गोष्टीनं मला अजून रात्री झोप लागत नाही ती. मार्चचा तिसरा आठवडा होता. ३१ मार्चच्या आत बिल निघालं नाही तर निधी परत जाईल, असा त्याचा दिवसरात्र तगादा. ऑडिटचं प्रमाणपत्र दोन दिवसांत आलं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या ऑडिटर-यादीतल्या संस्थेचं नाव, नवी साईट होस्ट करायला सुरक्षित, त्रुटी शून्य. ते नाव यादीत आहे हेही मी पाहिलं, आहे. पण माझी साईट पूर्ण झालेली नव्हती! तक्रार नोंदवायच्या पानावर फाईल अपलोड उघडं होतं, कॅप्चा (समोर माणूसच आहे ना, हे तपासणारं कोडं) लावायचा राहिला होता, लॉगिनला चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा नव्हती. मला त्या त्रुटी तोंडपाठ होत्या. ऑडिटची पहिली फेरी सहसा कोरी येत नाही. त्रुटींची यादी येते, त्या दुरुस्त करायच्या, मग फेरतपासणी. आणि सगळ्यात उघड गोष्ट, टेस्ट सर्व्हरला मी पासवर्ड लावला होता आणि तो माझ्याकडे कुणीही मागितला नव्हता. ज्या दाराची किल्ली कुणी घेतलीच नाही, त्या घराची आतून तपासणी झाल्याचा दाखला माझ्या हातात होता. सर्व्हरचा लॉग (कोण आत आलं याची नोंद) उघडला असता तर आत आल्याच्या फक्त माझ्या आणि त्या दोन मुलींच्याच नोंदी दिसल्या असत्या. लॉग उघडायला एक मिनिट लागतं. मी तेव्हा मार्चअखेरच्या घाईत रात्री दोन वाजेपर्यंत ठरावांच्या पीडीएफना नावं देत बसले होते. प्रमाणपत्र आलं म्हणजे एक डोंगर पार झाला, एवढंच वाटलं. थकलेल्या माणसाला हवा तो कागद बरोबर त्या वेळी पाठवायचा, हेच त्यांचं कौशल्य आहे.

२९ मार्चला त्यानं सगळा कोड आणि डेटाबेस मागितला, मी दिला. ३१ ला फोन बंद. तुम्ही कुणालाही, कितीही घाई असली तरी, किमान निम्मे पैसे हातात पडल्याशिवाय डेटाबेस देऊ नका.

एप्रिलमध्ये नगर परिषदेत गेले. तिथं प्रशासक होते, भेट झाली नाही. ज्या बाबूंनी कागद पाहिला ते म्हणाले, "असा आदेश आम्ही काढलेलाच नाही. तुमचा-आमचा संबंध नाही." बरोबर, माझा करार तुमच्याशी नाही. पण लेटरहेड तुमचं, शिक्का तुमच्या नावाचा, सही तुमच्या अधिकाऱ्याची, लॉगिन तुमच्या साईटचं. बनावट दस्तऐवजाची तक्रार तुम्ही द्यायला नको? त्यावर उत्तर, "वरिष्ठांना विचारावं लागेल." संगणक प्रणालीत परवानगीशिवाय कुणी शिरलं तर ६ तासांत सर्ट-इनला कळवायचं असा एप्रिल २०२२ चा निर्देश आहे, सरकारी कार्यालयांनाही तो लागू आहे. मी हे लेखी दिलं. पोच द्यायलाही खळखळ केली. पासवर्ड बदला, निदान एवढं तरी करा, असं हात जोडून सांगितलं. "ते एजन्सीकडं असतंय मॅडम." कुठली एजन्सी, ते त्यांनाही सांगता येईना.

पोलीस ठाण्यात ऐकलं, "हा व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा. पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत." अहो, फसवणुकीत माणूस पैसे स्वतःहूनच देतो, कारण त्याला खोटं सांगितलेलं असतं! भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्याचसाठी आहे. हिसकावून नेले असते तर कलम वेगळं लागलं असतं. मग म्हणाले, वेबसाईटचं प्रकरण आहे, सायबरला जा. सायबरला म्हणाले, माणूस तुम्हाला प्रत्यक्ष भेटलाय, पैसे तुम्ही बँकेतून पाठवलेत, हे साध्या ठाण्याचं. मग हद्दीचा प्रश्न निघाला, ऑफिस इथं, नगर परिषद तिथं, खातं तिसरीकडं. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं. ते मी छापून नेलं होतं. वाचलं नाही, बाजूला सरकवलं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन केला तोवर पैसे जाऊन आठवडे झाले होते. तो नंबर पैसे गेल्यागेल्या लावला तरच जास्त कामाचा, उशीर झाला की खात्यात गोठवायला बहुधा काही उरत नाही. बँकेनं सांगितलं, पोलिसांचं पत्र आणा. पोलिसांनी सांगितलं, आधी बँकेकडून खात्याचा तपशील आणा. कर भरताना, दाखला काढताना आम्हाला एकेका कागदासाठी रांगेत उभं करणारी ही सगळी यंत्रणा, हिच्याच नावानं कुणी आम्हाला लुटलं की हात झटकते. याचा मला त्या माणसाहून जास्त राग आहे.

कामाला आला तो फक्त माहिती अधिकार. १० रुपयांचं तिकीट लावून विचारलं, या जावक क्रमांकाचा आदेश दिला का, या कंपनीला काम दिलं का. ३० दिवसांत उत्तर नाही, मग पहिलं अपील. त्यानंतर लेखी आलं की असा कोणताही आदेश या कार्यालयानं दिलेला नाही, वेबसाईटसाठी केवळ दरपत्रकं मागवण्याचा विचार सुरू होता. तो कागद हातात आला तेव्हा माझ्या तक्रारीला पहिल्यांदा वजन आलं. तुम्ही फसला असाल तर पोलिसांकडे जायच्या दिवशीच हा अर्ज टाका, वाट बघू नका. आता ते लेखी उत्तर जोडून कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांकडे टपालानं तक्रार पाठवली आहे. तिथं काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. वकील तयार आहेत.

एक गोष्ट परवा कळली. दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीच्या साईटचं डिझाईन माझंच आहे. स्टाईलशीटमध्ये, म्हणजे साईटचं रूप ठरवणाऱ्या फाईलमध्ये, मी माझ्या सवयीनं वेगवेगळ्या भागांना दिलेली नावं तशीच आहेत. म्हणजे त्यानं माझं काम पुढं विकलं आणि तो अजून फिरतोय. धाराशिव, लातूर, विजापूरकडच्या वेबसाईटवाल्यांना मुद्दाम सांगते, कार्यादेशावर बदली झालेल्या अधिकाऱ्याची सही, जुन्या साईटचं चालतं लॉगिन, सुरुवातीला यूपीआयनं आलेले १०,००० आणि मग ५ टक्के ठेव, असा क्रम तुमच्याकडे आला असेल तर कागद फाडू नका, व्हॉट्सॲपचं संभाषण पुसू नका, आणि पैसे गेलेल्या खात्याचा नंबर मला कळवा. माझ्या पावत्यांशी तो जुळला तर दोन्ही तक्रारी एकत्र जोडून देता येतील.