हायपोस्पेडिअस: एकाच ऑपरेशनात, की दोन टप्प्यांत?

बाळाची लघवीची जागा टोकाला नसून खालच्या बाजूला आहे, म्हणजेच हायपोस्पेडिअस आहे, हे कळलं, की घरातले दोनच प्रश्न विचारतात. कधी करायचं, आणि एकदाच उरकेल ना? वय साधारण ६ ते १८ महिने. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र छिद्र कुठे आहे आणि लिंगाला बाक किती आहे, यावर ठरतं.

छिद्र टोकाजवळ आणि बाक कमी असेल तर बहुधा 'टिप' पद्धत वापरतात. सर्जन वॉरन स्नॉडग्रास यांनी ती १९९४ मध्ये मांडली. मूत्रमार्गाच्या जागी जी पट्टी असते, तिला मधोमध उभी चीर देऊन ती कॅथेटरभोवती, म्हणजे लघवीसाठी घातलेल्या बारीक नळीभोवती, गुंडाळतात आणि वर मऊ थराचं आवरण घालतात. छिद्र उभं, नैसर्गिक दिसतं. जुन्या मॅथ्यू पद्धतीत खालची कातडी उलटून वर आणतात; मार्ग होतो, पण छिद्र आडवं दिसू शकतं.

बाक जास्त असेल तर ती पट्टीच कापावी लागते. मग पहिल्या टप्प्यात लिंग सरळ करून पुढच्या कातडीचं आतलं अस्तर तिथे बसवतात आणि निदान सहा महिने थांबून दुसऱ्या टप्प्यात त्याची मूत्रमार्गाची नळी करतात. म्हणूनच आधी सुंता अजिबात करू नका, ती कातडी लागते. दोनदा भूल, दोनदा ड्रेसिंग, आईबापांचा जीव दोनदा टांगणीला, हे खरं आहे. तरीही अशा बाळासाठी मी दोन टप्पेच निवडेन. एकदाच उरकण्याच्या आग्रहापायी बाक राहिला, तर तो मोठेपणी भोगावा लागतो.

नेमका बाक भूल दिल्यावर, सलाईन भरून लिंग ताठ करून मोजतात. त्यामुळे बेत टेबलावर बदलू शकतो. संमतीपत्रावर सही करताना दोन्ही शक्यता समजून घ्या.

धोका दोन्हीकडे आहे: फिस्टुला, म्हणजे टाक्यांतून दुसरी धार, किंवा छिद्र आवळणं. छिद्र मागे असेल तर हे प्रमाण बरंच वाढतं. म्हणून सर्जनना थेट विचारा, असे किती केले, किती जणांना पुन्हा ऑपरेशन लागलं.

ठाण्याहून मुंबईत परळच्या वाडिया बालरुग्णालयात जाणं लांब वाटतं, पण अवघड केसला बालशल्यचिकित्सकाचा रोजचा हात असणं अंतरापेक्षा महत्त्वाचं. घरी येताना मात्र लोकलची गर्दी टाळा. कॅथेटर आठवडाभर असतो. दोन डायपर घालतात, आतल्याला भोक पाडून नळी बाहेरच्यात सोडतात, म्हणजे टाके कोरडे राहतात. नळी ओढली जाऊ नये म्हणून बाळाला कडेवर घेताना पाय फाकवून कमरेवर बसवू नका, आडवं धरा.