उद्यानातली खेळणी आणि मुलांचे खेळवर्ग : तिसऱ्या वर्षी काय टिकतं?

उद्घाटनाच्या दिवशी कुठलंही सार्वजनिक उद्यान छानच दिसतं. रंग ताजा असतो, झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत नाहीत, रबराच्या टाइल घट्ट बसलेल्या असतात. म्हणून इथे खेळणी, कोर्ट आणि तिथेच चालणारे मुलांचे खेळवर्ग यांची पारख एकाच प्रश्नावर केली आहे. रोजच्या वापरात तिसऱ्या वर्षी याचं काय होतं, आणि ते नीट राहावं म्हणून नेमकं कुणाला काय करावं लागतं?

सुरुवात जमिनीपासून करायला हवी. खेळण्यांवर मुलांना होणाऱ्या दुखापतींचं सर्वांत मोठं कारण म्हणजे पडणं, आणि पडल्यावर काय होतं ते खाली काय आहे यावर ठरतं. काँक्रीट आणि डांबर तर नकोच, पण गवत आणि दाबलेली मातीही यासाठी चालत नाही. पावसाळ्यात मऊ वाटणारी माती उन्हाळ्यात दगडासारखी होते, आणि झोपाळ्याखालचं गवत महिनाभरात उडून जातं.

सुट्या भरावात, म्हणजे खेळण्याखाली मोकळ्या पसरायच्या सामानात, लाकडी चिप्स सगळ्यांत सरस. अमेरिकेतल्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शनानुसार दबून २३ सेंटिमीटर उरलेला चिप्सचा थर ३ मीटर उंचीवरून पडण्यापर्यंत पुरतो. तेवढीच वाळू फक्त १.२ मीटरपर्यंत पुरते, आणि बारीक गोल खडी १.५ मीटरपर्यंत. हा फरक फार मोठा आहे आणि तो बघून कळत नाही. वाळू हाताला मऊ लागते म्हणून सुरक्षित वाटते, पण ओली झाली की ती घट्ट बसते आणि धक्का जिरवत नाही. सुटा भराव दबतोच, म्हणून २३ सेंटिमीटर हवे असतील तर भरताना ३० सेंटिमीटर भरावे लागतात. खांबावर रंगाची एक आडवी रेघ मारून ठेवली की थर किती खाली गेला ते कुणालाही दिसतं. इतकी सोपी गोष्ट, तरी ती रेघ फार थोड्या ठिकाणी सापडते.

चिप्सची खोट म्हणजे त्या कुजतात आणि हलतात. झोपाळ्याखाली आणि घसरगुंडीच्या तोंडाशी मुलांच्या पायांनी खड्डा पडतो, म्हणजे जिथे थर सगळ्यांत जाड हवा तिथेच तो सगळ्यांत पातळ होतो. फावड्याने तो परत ओढून सारखा करणं हे आठवड्याचं काम आहे, वर्षाचं नव्हे. खाली पाण्याचा निचरा नसेल तर तळाचा थर चिखल होऊन बसतो. म्हणून आधी खडी, तिच्यावर पाणी झिरपू देणारं कापड आणि मग चिप्स, हा क्रम सोडू नये.

रबराच्या टाइलबद्दल मत फारसं चांगलं नाही. दोन पावसाळ्यांत गोंद सुटतो, कडा वर वळतात, फटी रुंद होतात आणि धावणाऱ्या मुलाचा पाय बरोबर त्याच कडेत अडकतो. दोष बहुधा टाइलचा नसून खालच्या ओल्या किंवा उंचसखल पायाचा असतो, पण तक्रार करायला जाईपर्यंत ठेकेदाराची मुदत संपलेली असते. जागेवर ओतलेलं रबर त्यापेक्षा बरं. खाली काळ्या रबराच्या चुऱ्याचा जाड थर, वर रंगीत ईपीडीएमचा, म्हणजे एका कृत्रिम रबराच्या दाण्यांचा, पातळ थर. चाकाची खुर्ची त्यावरून सहज जाते, जी वाळूत रुतून बसते. मात्र वरच्या थरातले दाणे धरून ठेवणारं बाइंडर उन्हाने हळूहळू कमकुवत होतं. तळहात फिरवला आणि रंगीत दाणे हाताला चिकटून आले, तर वरचा थर सुटायला लागला असं समजावं. त्या वेळी पुन्हा बाइंडरचा हात दिला तर पृष्ठभाग वाचतो. नाही दिला तर खड्डे पडतात आणि ठिगळं सुरू होतात. दुसरी गोष्ट उष्णतेची. भर दुपारी गडद रंगाचं रबर अनवाणी पायाला पोळतं. लहान मुलांच्या भागात फिकट रंग आणि सावली दोन्ही हवं.

कुठलंही रबर घेताना ‘मऊ आहे’ या शब्दावर जाऊ नये, जागेवरच्या चाचणीचा कागद मागावा. डोक्याच्या आकाराचा वजनी गोळा ठरावीक उंचीवरून टाकतात. धक्का २०० जीच्या (गुरुत्वाकर्षणाच्या २०० पटीच्या) आत आणि डोक्याला इजा होण्याचा धोका दाखवणारा एचआयसी नावाचा आकडा १०००च्या आत यावा लागतो. कागदावर चाचणीची उंची लिहिलेली असते. ती तुमच्या खेळण्याच्या उंचीपेक्षा कमी असेल तर त्या कागदाचा उपयोग नाही.

झोपाळा हे उद्यानातलं सगळ्यांत लाडकं खेळणं आणि सगळ्यांत चुकीच्या जागी बसवलेलं. त्याची पडण्याची उंची बैठकीपासून नव्हे, वरच्या आडव्या दांड्यापासून, म्हणजे साखळी जिथे टांगली आहे तिथपासून मोजतात. दांडा २.४ मीटरवर असेल तर खालचा भराव २.४ मीटर उंचीवरून पडण्याला पुरणारा हवा. म्हणजे वाळू बादच झाली. पुढे आणि मागे या उंचीच्या दुप्पट, म्हणजे प्रत्येकी ४.८ मीटर जागा मोकळी लागते. एका झोपाळ्याला जवळपास दहा मीटरची पट्टी! कोपऱ्यात उरलेल्या जागेत झोपाळा कोंबतात तेव्हा नेमकी हीच पट्टी फिरायच्या वाटेवर येते, आणि आईचा हात सोडून पळणारं लहान मूल थेट त्यासमोर जातं. एका चौकटीत दोनच झोपाळे असावेत, दोघांत किमान ६० सेंटिमीटर आणि खांबापासून किमान ७५ सेंटिमीटर अंतर ठेवून. बैठक लाकडी किंवा लोखंडी नको, रबरी पट्ट्याची असावी.

झोपाळ्याची झीज कुठे होते तेही सांगायला हवं. वरच्या टोकाची पहिली कडी आणि ती ज्या हुकात अडकते तो हुक, या दोघांचा एकमेकांवर घासला जाणारा भाग. खालून बघितलं तर साखळी धडधाकट दिसते. शिडी लावून, साखळी ढिली करून, व्हर्नियरने त्या कडीची जाडी मोजावी आणि त्याच साखळीच्या मधल्या न घासलेल्या कडीशी ताडून बघावी. हुकाचं तोंड १ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडं नसावं, कारण त्या फटीत कपड्याचा धागा, दोरी, ओढणीचं टोक अडकतं. कुरकुर आवाज येतो तो बहुतेक वेळा टांगणीच्या सांध्यातलं बुश (आतली नळी) किंवा बेअरिंग कोरडं पडल्याचा. त्यावर नुसतं तेल ओतलं तर धूळ चिकटून झीज वाढते. बुश बदलणं हाच इलाज.

चढायच्या खेळण्यांत आणि कठड्यांत एक माप मनात पक्कं ठेवावं: ९ ते २३ सेंटिमीटर. या दोन मापांमधली कुठलीही बंद फट धोक्याची, कारण मुलाचं अंग त्यातून जातं आणि डोकं अडकतं. फट त्याहून लहान असावी किंवा त्याहून मोठी. दुरुस्तीत एक गज कमी लावला की हे गणित बिघडतं, म्हणून वेल्डिंग करणाऱ्याच्या हातात मापाची पट्टी द्यावी. त्याच कारणाने सायकलचं हेल्मेट घालून मुलांना या खेळण्यांवर चढू देऊ नये. सायकलवर जीव वाचवणारं हेल्मेट इथे फटीत अडकतं आणि पट्टा गळ्याला बसतो. पालकांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं, पण गोष्ट खरी आहे.

घसरगुंडी पत्र्याची असेल तर दुपारच्या उन्हात ती वापरता येत नाही. झाडाच्या किंवा छताच्या सावलीत बसवता येत नसेल तर प्लास्टिकची घ्यावी. सी-सॉबद्दल फार सांगण्यासारखं नाही. बैठकीखाली टायरचा तुकडा असावा, एवढं पुरे.

खुल्या व्यायामशाळेची यंत्रं हल्ली सगळीकडे दिसतात आणि तरुणांसाठी म्हणून ती घेतली जातात. ही निवड सहसा फसते. या यंत्रांचं युरोपीय मानक ईएन १६६३० आहे आणि ते तरुण व प्रौढांसाठी, म्हणजे १.४ मीटरपेक्षा उंच माणसांसाठी आहे. प्रत्यक्षात त्यांवर दिवसभर सात-आठ वर्षांची मुलं लोंबकळतात, आणि हलत्या सांध्यात बोटं चिरडायची भीती असते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांना तर त्यांत जोरच लागत नाही. आठवडाभर येतात आणि सोडून देतात. त्याऐवजी वेगवेगळ्या उंचीचे पुल-अप बार, समांतर दांडे आणि एक आडवी शिडी घ्या. हलणारा एकही भाग नाही, बेअरिंग नाही, तेलपाणी नाही. तिसऱ्या वर्षी फक्त रंग आणि पायाजवळचा गंज बघायचा. खांब जमिनीत जातो तिथे बोटभर उंचीची काँक्रीटची उतरती गादी केली की पाणी थांबत नाही. गंज तिथूनच चढतो. मात्र हे बार लहान मुलांच्या भागापासून दूर असावेत आणि त्यांच्याखालीही धक्का जिरवणारा थर हवाच.

किशोरवयीन मुलांसाठी सगळ्यांत जास्त वसूल होणारी सोय म्हणजे अर्धं बास्केटबॉल कोर्ट. तीन-तीनचा खेळ टोकिओच्या ऑलिंपिकपासून तिथेही आहे, आणि त्याला १५ मीटर रुंद, ११ मीटर लांब एवढीच जागा लागते. रिंग ३.०५ मीटरवर. बारा वर्षांखालच्यांसाठी २.६० मीटरवर खाली आणता येईल असा खांब मिळाला तर तोच घ्यावा. लहान मुलं उंच रिंगवर चेंडू फेकताना खांद्यातून वाकडी ओढ घेतात आणि ती सवय पुढे मोडत नाही. कोर्टाला एकाच दिशेला शंभरात एक उतार हवा, मध्ये उंचवटा नको. ठेकेदाराचं काम ताब्यात घेण्याआधी पूर्ण कोर्टावर पाणी मारावं आणि तासाभराने बघावं. कुठे नाण्याच्या जाडीपेक्षा जास्त पाणी साचलं असेल तर तिथे रंग आधी सुटणार आणि पाय तिथेच घसरणार. पूर्ण कोर्ट असेल तर लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवावी, नाहीतर संध्याकाळच्या वेळी एका संघाच्या डोळ्यांत सूर्य.

फुटबॉलच्या सुट्या गोलपोस्टबद्दल मात्र जरासुद्धा सवलत देऊ नये. आडव्या दांड्याला मूल लोंबकळलं की मोकळा गोलपोस्ट पुढे पडतो, आणि अशा अपघातांत मुलं दगावली आहेत. मागच्या पायांना जमिनीत खुंट्या किंवा वजन बांधलेलंच असावं. खेळ नसताना दोन गोलपोस्ट समोरासमोर साखळीने बांधून कुलूप लावावं.

आता खेळवर्ग. १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रुप इथे पडीक लाकूडसामानाचं एक मैदान मुलांना मोकळं करून दिलं, तेव्हाही तिथे खेळण्यांची नव्हे, मुलांसोबत राहणाऱ्या एका माणसाची नेमणूक झाली होती. ते मैदान त्यामुळे चाललं. आजही उपक्रमाची पारख त्या माणसावरच होते. अमेरिकन कॅम्प असोसिएशनचं दिवसाच्या शिबिरांसाठीचं प्रमाण चांगलं आहे: सहा ते आठ वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस, नऊ ते चौदा वयाच्या दहांमागे एक, त्यापुढे बारांमागे एक. पण बॅच बारा मुलांची असली तरी माणसं दोन हवीत. एका मुलाला लागलं तर एक जण त्याच्याजवळ बसतो. तेव्हा उरलेल्या अकरांकडे कोण बघणार?

वर्ग चांगला की वाईट हे ओळखायची सोपी रीत म्हणजे दहा मिनिटं एकाच मुलाकडे बघत राहायचं आणि चेंडू त्याच्याकडे किती वेळा आला ते मोजायचं. वीस मुलं, दोन चेंडू आणि दोन लांब रांगा असा वर्ग असेल तर ते मूल बहुतेक वेळ उभंच असतं. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयासाठी रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. रांगेत उभं राहणं त्यात धरत नाहीत. दोन मुलांमागे एक चेंडू आणि चार-चारचे छोटे सामने, एवढ्याने चित्र पालटतं.

मुली दहाव्या-अकराव्या वर्षानंतर मैदानावरून कमी होत जातात, ही गोष्ट फार मनाला लावून घ्यावी अशी आहे. ‘त्यांना आवड नसते’ हे कारण खोटं आहे. व्हिएन्ना शहराने १९९०च्या दशकात याची पाहणी केली आणि १९९९ मध्ये आइनझीडलर उद्यानाची रचना बदलली. एकच मोठं मोकळं मैदान मोडून त्याचे लहान भाग केले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली. मुली परत आल्या. कुंपणाला एकच दार असेल आणि त्या दारात मुलांचा घोळका उभा असेल तर मुली आत येत नाहीत. दोन दारं ठेवा. दिव्यांचा झोत नुसता कोर्टावर न पाडता तिथून रस्त्यापर्यंतच्या वाटेवरही पाडा, आणि स्वच्छतागृह वर्गाच्या वेळी उघडं ठेवा. त्याची किल्ली शोधत फिरावं लागतं तिथे मुलींची हजेरी पहिल्या महिन्यातच गळते.

वर्गात नाव घालायच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. वीज कडाडली तर काय करता? खेळ लगेच बंद, सगळे पक्क्या इमारतीत आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबणं, हे उत्तर न अडखळता यायला हवं. डोक्याला मार लागला तर? शंका आली तरी त्या दिवशी पुन्हा मैदानात नाही, मूल कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरी. आणि मुलाला न्यायला कोण येऊ शकतं याची नोंद कुठे असते?

मग देखभालीची नोंदवही मागावी. रोजची नजर-तपासणी (काचा, तुटके भाग, साप-विंचू, उघडे बोल्ट), एक ते तीन महिन्यांनी नटबोल्ट आणि झिजेची तपासणी, आणि वर्षातून एकदा जाणकाराकडून पूर्ण तपासणी, अशा तीन पातळ्या खेळण्यांचं युरोपीय मानक सांगतं. वहीत सगळीकडे ‘ठीक’, ‘ठीक’ असं एकाच पेनाने, एकाच बसणीत लिहिलेलं दिसलं तर तपासणी झालेली नाही. ‘डावा झोपाळा, वरची कडी झिजली, बैठक काढून ठेवली’ अशी एखादी ओळ आणि तिच्यापुढे नवीन कडी बसवल्याची तारीख दिसली, तर त्या उद्यानात मुलाला निर्धास्त सोडावं.